भाताच्या उडव्यांपासून कामाइशीच्या पोरांपर्यंत

जपानमधे मुलांना त्सुनामी कशी शिकवत आले हे बघायला गेलं की आधी एक गोष्टच समोर येते. 24 डिसेंबर 1854, वाकायामाकडचं हिरो नावाचं किनाऱ्यावरचं गाव. संध्याकाळी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र गावात शिरला, काळोखात लोकांना वर जायची वाट दिसेना, तेव्हा गावातले व्यापारी हामागुची गोर्यो यांनी रचून ठेवलेल्या भाताच्या उडव्याच पेटवून दिल्या आणि त्या उजेडाच्या रोखाने लोक वरच्या देवळाकडे पळाले. नंतर त्यांनी पदरच्या पैशाने किनाऱ्यावर बांध घातला, गावकऱ्यांना त्यावर मजुरी दिली आणि 1946 च्या त्सुनामीत त्याच बांधाने गावाचा बराचसा भाग वाचवला.

1937 ते 1947 ही गोष्ट तिथल्या सरकारी पाठ्यपुस्तकात धडा म्हणून होती. फक्त धड्यात म्हातारा माणूस समुद्र मागे हटताना बघतो आणि आग लावतो, खरे गोर्यो तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे होते आणि पाणी आधीच आलं होतं. मला गोष्ट फार आवडते, पण मुलांच्या डोक्यात "आधी जोरात हादरे, मग समुद्र आटतो, मग लाट" असं पक्कं बसलं तर ते घातक आहे. 1896 ला जपानच्या ईशान्येकडच्या सानरिकू किनाऱ्यावर धक्का सौम्य होता, सणाची रात्र होती, लोक घरातच राहिले आणि सुमारे 22,000 माणसं गेली.

म्हणून कारण नीट सांगायला हवं. समुद्राखालची एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसरीखाली सरकताना वरची वाकत जाते, वाकवलेली पट्टी सोडल्यासारखी एकदम उसळते आणि वरचं पाणी तळापासून हलतं, म्हणून नेहमीच्या लाटेसारखं ते फुटून परत जात नाही, आत घुसतच राहतं. जमिनीच्या बाजूचा तळ खचला तर किनाऱ्यावर आधी ओहोटी दिसते, उचलला गेला तर थेट पाणीच येतं. आपल्या अरबी समुद्रातही पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ अशी जागा आहे, 28 नोव्हेंबर 1945 ला तिथून निघालेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

सानरिकूकडे 'तेन्देन्को' म्हणतात, म्हणजे ज्याने त्याने आपापलं पळायचं. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण घरात हे आधी ठरलेलं असलं की आई पोराला शोधायला खाली जात नाही, तिला माहीत असतं की तो पळाला असणार. त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरातल्या शाळांमधे हेच काही वर्षं शिकवलं, शिवाय त्सुनामीचं पाणी कुठवर येईल हे दाखवणाऱ्या धोक्याच्या नकाशावर विसंबू नका हेही. 11 मार्च 2011 ला मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा तिथल्या एका माध्यमिक शाळेची मुलं धावत सुटली, ती बघून शेजारच्या प्राथमिक शाळेतली वरच्या मजल्यावर गेलेली मुलंही खाली उतरून निघाली, मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले, ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही धोक्याची वाटली म्हणून आणखी वर गेली. नकाशात दोन्ही शाळा पुराच्या रेषेबाहेर होत्या. त्या दिवशी दोन्ही पाण्याखाली गेल्या.