घरगुती बिअर

घरगुती बिअर : विक्रीसाठी नव्हे, तर स्वतः पिण्यासाठी घरच्या घरी थोड्या प्रमाणात आंबवलेली बिअर. ‘घरी दारू’ म्हटले की आपल्याकडे हातभट्टीच आठवते; पण बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसतेच. इडलीच्या पिठाप्रमाणे ती नुसती आंबते.

बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की मॉल्ट होतो. नाचणीसत्त्वासाठी घरोघरी करतात तोच खटाटोप. मोड येताना दाण्यात तयार होणारी विकरे पिष्टाची साखर करतात. त्यासाठी भरडलेला मॉल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. पाणी याहून फार तापले की विकरे निकामी होतात, म्हणून नवखे लोक ही पायरी टाळून तयार मॉल्ट अर्काची पूड वापरतात.

१० लिटर बिअरला अशी १.३ किलो पूड पुरते. ती पाण्यात विरघळवून उकळी आली की २० ग्रॅम हॉप्स (एका वेलीची कडवट फुले) घालून तासभर उकळतात. उतरवताना आणखी १० ग्रॅम घालतात, ती वासासाठी. आटलेल्या पाण्याची भर घालून रस २० अंशांपर्यंत झटपट थंड करतात, त्यात ५-६ ग्रॅम यीस्ट (साखरेचे मद्यार्क आणि वायू करणारी सूक्ष्म बुरशी) सोडतात आणि वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशा झाकणाच्या भांड्यात दोनेक आठवडे ठेवतात. खोली फार उबदार असली तर बिअरला उग्र वास येतो. थंड झालेल्या रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. खरे तर या छंदातला बराचसा वेळ धुण्यातच जातो.

रसाची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतील घनता; साखर आंबते तशी ती घटते) १.०४८ वरून १.०१२ वर आली, तर मद्यार्क सुमारे ४.७ टक्के भरतो. घनता दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावर ६० ग्रॅम साखर मिसळून बिअर बाटल्यांत भरतात. फेस त्या साखरेमुळेच येतो. घाई केली किंवा साखरेचा हात सैल सुटला, तर बाटल्या फुटतात.

बिअर मुळात घरचीच. बव्हेरियातील १५१६ च्या फर्मानात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक होते. यीस्टचा उल्लेखही नव्हता, कारण ते काय करते हे ठाऊकच नव्हते. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागे. तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरली : दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, तेही करमुक्त. तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये २०१३ पर्यंत अडून होती.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. स्वतःपुरत्या बिअरलाही त्यातून सूट नाही.