शेवटच्या पेपरनंतरची कणकण

शेवटच्या पेपरची घंटा होते. पुरवणीची गाठ घाईघाईत मारलेली असते, उत्तरपत्रिका हातातून ओढली जाते आणि बोटावरच्या शाईसकट आपण बाहेर पडतो. कॉरिडॉरमध्ये नुसता कल्ला. कोणी कोणाला मिठी मारतंय, कोणी ‘तिसऱ्याचं उत्तर काय आलं?’ असं विचारून शिव्या खातंय. पुढचे दोन तास जग आपल्या मालकीचं असतं. मग संध्याकाळी खोलीत येऊन पलंगावर अंग टाकावं, तर करायला काहीच नसतं. ज्या रिकाम्या वेळासाठी अख्खं सेमिस्टर झुरलो, तोच अंगावर येतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घसा धरलेला, अंगात कणकण.

माझं हे जवळपास प्रत्येक सेमिस्टरला व्हायचं. बरीच वर्षं मी ते हवापालटाच्या माथी मारलं. पुढे या विषयावरचं संशोधन वाचनात आलं, तेव्हा कळलं की हवेचा दोष असलाच तर फार थोडा होता.

सुरुवात पेपरच्या आधीपासूनच करायला हवी. धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागं करते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक उतरतं. अ‍ॅड्रेनलिन सेकंदांत धावून येतं, कॉर्टिसॉलला शिखर गाठायला वीस-तीस मिनिटं लागतात. साखर मोकळी करायची, लक्ष एकवटायचं, तातडीची नसलेली कामं बाजूला ठेवायची, असा त्याचा कारभार. वाघ मागे लागला असेल तर ही व्यवस्था उत्तमच. पण सबमिशन, वायवा, लेखी परीक्षा असा वाघ तीन-चार आठवडे मागे असेल, तर बाजूला ठेवलेली कामं साचत जातात.

ती किती साचतात, हे एका लहानशा पण फार नेटक्या प्रयोगाने दाखवलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 11 दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूला मुद्दाम जखम केली. घाबरू नका, जखम साडेतीन मिलिमीटरची, गोल, भूल देऊन केलेली. एक जखम उन्हाळी सुट्टीत टाळूच्या एका बाजूला, दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी दुसऱ्या बाजूला. मग रोज जखमेचा फोटो काढायचा आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून फेस येतो का ते बघायचं. फेस यायचा थांबला की जखम भरली. परीक्षेच्या दिवसांत जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे जवळपास 40 टक्के अधिक वेळ. सुट्टीतल्याइतकी लवकर जखम परीक्षेत एकाचीही भरली नाही. 1998 साली हे प्रसिद्ध झालं. अकरा म्हणजे फार थोडी माणसं, हे खरंच. पण माणूसही तोच आणि तोंडही तेच असताना अकराच्या अकरा जणांत फरक एकाच दिशेने दिसावा, ही गोष्ट मला कुठल्याही मोठ्या आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

शेवटच्या आठवड्यात मनाचंही काही खरं नसतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून डोळ्यांत पाणी येतं आणि रात्री तीन वाजता कोणाच्या तरी फालतू विनोदावर पोट दुखेपर्यंत हसू येतं. दोन्हीच्या मुळाशी बव्हंशी अपुरी झोप. 2007 सालच्या एका प्रयोगात एक रात्र पूर्ण जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावनांना प्रतिसाद देणारा भाग, झोपलेल्या लोकांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त उसळला. एरवी त्याला आवरणारा कपाळामागचा भाग आणि तो यांच्यातला संपर्क सैल पडला होता. त्याच प्रयोगशाळेला चार वर्षांनी उलट बाजूही सापडली: जागरण झालेल्यांना साधी चित्रंसुद्धा जास्त सुखद वाटत होती. थोडक्यात, जागरणाने मन नुसतं उदास होत नाही, त्याचा झोका दोन्हीकडे लांबवर जातो. तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री झालेली भांडणं आणि त्याच रात्री दिलेली जन्मभराच्या मैत्रीची वचनं, दोन्ही जरा सबुरीनेच घ्यावीत.

आता सुट्टीतल्या कणकणीकडे वळू. सुट्टी लागली की आजारी पडणाऱ्यांचा अभ्यास नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आद फिंगरहूट्स यांनी केला. 2002 साली त्यांनी मांडलेल्या पाहणीत अठराशेहून अधिक लोकांपैकी साधारण तीन टक्के लोकांनी हा त्रास स्वतःला असल्याचं सांगितलं. डोकेदुखीच्या बाबतीत पुरावा आणखी नेमका आहे. मायग्रेनच्या रुग्णांनी तीन महिने रोज तणावाची नोंद ठेवली, तर आदल्या दिवसापेक्षा तणाव उतरला की पुढच्या सहा तासांत डोकं उठण्याचा धोका जवळपास पाचपट झालेला दिसला. तणाव चढताना नव्हे, उतरताना! याचं एक स्पष्टीकरण असं, की कॉर्टिसॉल दाह दाबून ठेवतं. ताप, अंगदुखी, लाल झालेला घसा हा मुळात विषाणूचा नव्हे, आपल्याच प्रतिकारशक्तीचा गोंधळ असतो. झाकण निघालं की आत खदखदत असलेलं वर येतं. शिवाय परीक्षेच्या गर्दीत ‘आज जरा बरं वाटत नाहीये’ हे स्वतःशी कबूल करायला तरी कोणाला फुरसत असते?

शरीराचं हे असं. पण संध्याकाळच्या त्या रितेपणाचं काय? 1974 साली रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की मेंदू कुठलीही तीव्र भावना एकटी सोडत नाही, तिला थोपवायला विरुद्ध भावना उभी करतो. ही दुसरी भावना सावकाश येते आणि पहिली गेल्यावरही रेंगाळते. त्यांचं लाडकं उदाहरण पॅराशूटवाल्यांचं. पहिल्या उडीत निव्वळ भीती असते, जमिनीवर आल्यावर काही मिनिटं चेहरा बधिर आणि मग अखंड बडबड. बऱ्याच उड्यांनंतर भीती विरत जाते, पण नंतरचा उल्हास काही तास टिकतो. परीक्षेच्या हॉलबाहेरचा कल्ला ही त्या बडबडीचीच धाकटी बहीण. भीती गेली, तिला थोपवणारा आनंद तेवढा मागे राहिला आणि टेकू काढल्यावर तोही ओसरला.

त्यात भर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं, की डोपामिनच्या पेशी बक्षिसाच्या आकाराला दाद देत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला देतात. अनपेक्षित रस मिळाला की त्या खडखडतात, रस येणार हे आधीच ठाऊक झालं की तो आल्यावर गप्प बसतात. सुट्टीसारखी आधीच ठाऊक असलेली गोष्ट दुसरी नाही. तारीख वेळापत्रकात छापलेली, दिवस उलटे मोजलेले. सगळा उत्सव तारखांवर फुल्या मारतानाच होऊन गेलेला असतो. रिकाम्या संध्याकाळी ‘मला आनंद का होत नाहीये, माझंच काही चुकतंय का?’ असा प्रश्न पडला, तर माकडांनाही तो पडला असता.

आणि तरीही त्या दिवसाला ‘उदास’ म्हणता येत नाही. आनंद आणि दुःख हे एकाच काट्याची दोन टोकं आहेत की दोन वेगळे काटे, हा मानसशास्त्रातला जुना वाद. जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली तो तपासायला विद्यार्थ्यांना गाठलं ते होस्टेलच्या खोल्या सोडायच्या दिवशी आणि पदवीदानाच्या दिवशी. एरवीच्या दिवसांच्या मानाने या दिवसांत ‘आत्ता एकाच वेळी आनंदही होतोय आणि वाईटही वाटतंय’ असं सांगणारे कितीतरी जास्त निघाले. खोली रिकामी करताना भिंतीवरचा टेप निघतो, त्याबरोबर रंगाचा पापुद्रा येतो, आणि चार महिने जिला शिव्या दिल्या त्या करकरणाऱ्या कपाटावरून हात फिरवला जातो. त्या वेळी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे खरंच सुचत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेमी कर्ट्झ यांचा 2008 मधला प्रयोग तर मला थोडा खोडकरच वाटतो. पदवी हातात यायला सुमारे सहा आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजबद्दल लिहायला लावलं. काहींना सांगितलं, फक्त 1,200 तास उरलेत. काहींना सांगितलं, अजून वर्षाचा दहावा भाग आहे. अवधी जवळपास सारखाच. पण तास मोजणाऱ्या गटाने त्या दिवसांत मित्रांबरोबर, आवडत्या जागी जास्त वेळ घालवला आणि त्यांचा आनंदही वाढला.

सेमिस्टर पेपरने संपतं असं म्हणतात, पण निकाल बाकी असतो. आणि वाट बघणं हा स्वतंत्र छळ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 45 जणांना पडद्यावरच्या दगडांखाली साप आहे का ते ओळखायला लावलं. साप निघाला की हाताला शॉक. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचं मोजमाप सांगत होतं, की शॉक नक्की बसणार हे माहीत असणाऱ्यांपेक्षा ‘बसेल किंवा नाही, पन्नास टक्के’ अशा अवस्थेत ताण जास्त होता. मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट बघणाऱ्यांना असंच निरखलं. काळजी सुरुवातीला वर, मधल्या काळात खाली आणि निकाल जवळ आला की पुन्हा वर. काळजी टाळण्याचे जे काही उपाय लोकांनी केले, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उलट, वाट बघताना जे कळवळले, तेच वाईट निकाल जास्त शहाणपणाने पचवू शकले.

तोवर अंगातली कणकण गेलेली असते, झोप भरून निघालेली असते. परीक्षेत दिवसाला दोनशे मेसेज येणारा वर्गाचा ग्रुप तीन आठवडे मुका पडलेला असतो. मग एका दुपारी कोणीतरी तिथे एकच ओळ टाकतं, ‘उद्या लागतोय म्हणे’, आणि हाताला पुन्हा घाम सुटतो.