बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचा जोर कुठून वाढला

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी ओसरलं तेव्हा सांगलीत कित्येक घरांची दारं फुगून चौकटीत अडकली होती. आमच्या गल्लीत वीज यायची होती. वडिलांची जुनी १२ व्होल्टची ड्रिल मशीन काढली. सागात दोन स्क्रू गेले, तिसऱ्याला चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा, जागच्या जागी थांबला. शेजारच्या मिस्त्रींच्या १८ व्होल्टच्या नव्या मशीननं मात्र एकाच बॅटरीवर तीन घरांच्या बिजागऱ्या बसवल्या. हा फरक मोटरपेक्षा बॅटरीचा जास्त आहे.

ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीनं १९६१ मध्ये पहिली बिनवायरची ड्रिल आणली, निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारी. या जातीचा एक सेल जेमतेम १.२ व्होल्टचा. म्हणजे १८ व्होल्ट हवे तर १५ सेल, आणि हाताला तेवढं ओझं. शिवाय मशीन महिना-दोन महिने खुंटीला टांगून ठेवली की बॅटरी आपोआप उतरते. आमची तशीच उतरली होती.

मिलवॉकी या अमेरिकन अवजार कंपनीनं २००५ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरची २८ व्होल्टची अवजारं बाजारात आणली आणि चित्र पालटलं. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा, त्यामुळे १८ व्होल्टला पाचच सेल पुरतात. वडिलांची बॅटरी १.३ अँपिअर-अवरची होती. १२ व्होल्टनं गुणलं की साधारण १६ वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा. मिस्त्रींची १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर, म्हणजे ९० वॉट-अवर. विकत घेताना आधी हा वॉट-अवरचा आकडा पाहावा. '२० व्होल्ट मॅक्स' बघून जास्त पैसे मोजू नयेत. तेच पाच सेल पूर्ण चार्ज झाल्यावर तेवढे व्होल्ट दाखवतात, काम १८ चंच.

मोटरही सुधारली, हे खरं. जुन्या मोटरीत फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे ब्रश घासतात, ठिणग्या उडतात, ताकद उष्णतेत जाते. ब्रशलेस मोटरीत हे ब्रशच नाहीत. करंट कधी कुठल्या वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्याला) द्यायचा ते सर्किट ठरवतं. तीच बॅटरी जास्त भोकं पाडते.

वडिलांच्या मशीनचे गियर आजही ठणठणीत आहेत. बॅटरीच्या जुन्या खोक्यात लिथियमचे सेल बसवून देणारे कारागीर मिळतात, पण सोबत संरक्षक सर्किट आणि लिथियमचाच चार्जर घ्यावाच लागतो. जुना चार्जर लावला तर सेल भरल्यावरही करंट जात राहतो, आणि लिथियमचा सेल फार तापला की पेट घेऊ शकतो.