४४,१०० आणि ४८,०००: संगणकावरच्या म्युझिक प्लेअरची पार्श्वभूमी

सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी प्रत्येक चॅनलची ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लहरीची आकड्यांत घेतलेली मापं, असतात. कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढं टिपायला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त सॅम्पल लागतात, एवढं शास्त्र झालं. नेमका ४४,१०० हा आकडा मात्र व्हिडिओ टेपमुळे आला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिजिटल ध्वनिमुद्रण साठवायला सोयीचं माध्यम तेच होतं. चित्राच्या एकेका ओळीत तीन-तीन सॅम्पल बसवायची. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत वापरता येतील अशा २४५ ओळी सेकंदाला ६० वेळा, युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी ५० वेळा. दोन्हीकडे गुणाकार ४४,१००च येतो. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली, तेव्हा हा आकडा कायमचा ठरून गेला होता.

संगणकाच्या जगाने पुढे ४८,००० हा आकडा धरला. म्युझिक प्लेअरचा इतिहास नुसती नावं घेऊन सांगितला तर एकामागून एक सॉफ्टवेअर आलं आणि गेलं, एवढंच दिसतं. या दोन आकड्यांच्या मधून पाहिलं की कुठलं सॉफ्टवेअर कशासाठी जन्माला आलं आणि आज प्लेअर निवडताना कशाची काळजी उरली नाही, हे उलगडतं.

सुरुवातीला प्रश्न जागेचा होता. सीडीचं एक तासाचं संगीत जसंच्या तसं ठेवायला सुमारे ६३५ एमबी लागतात आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घरच्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क जेमतेम एक-दोन जीबीची असे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यावर अनेक वर्षं काम केलं, त्या तंत्राने हेच संगीत अकराव्या हिश्शात बसवलं. जो आवाज दुसऱ्या आवाजाखाली झाकला जाऊन कानाला कळत नाही, तो साठवायचाच नाही, ही त्यामागची कल्पना. १४ जुलै १९९५ रोजी त्या फाईलना ‘एमपी३’ हे शेपूट लावायचं ठरलं आणि त्याच वर्षी फ्राउनहोफरचा विनप्ले३ हा विंडोजवरचा प्लेअर आला. १९९७ मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह यांचा विनअँप आला आणि दोन वर्षांत एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने फ्रँकेल यांची कंपनी नलसॉफ्ट विकत घेतली.

विनअँप लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या रंगीबेरंगी ‘स्किन’मुळे, म्हणजे हवं तसं बदलता येणाऱ्या बाह्य रूपांमुळे. हाय-फायच्या, म्हणजे मुळाबरहुकूम आवाजाच्या, दृष्टीने महत्त्वाची होती ती त्याची आतली रचना. फाईल उलगडणारा एक भाग, आवाजावर प्रक्रिया करणारा दुसरा आणि आवाज बाहेर पाठवणारा तिसरा, आणि तिन्ही प्लगइनच्या, म्हणजे वेगळ्या जोडायच्या तुकड्यांच्या, रूपात बदलता येण्याजोगे. आवाज कोणत्या वाटेने बाहेर पडतो हे ऐकणाऱ्याला ठरवता येऊ लागलं, ते इथून. आणि ती वाट तेव्हा फार खडबडीत होती.

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम आवाज करतात. गाणं चालू असतं, मध्येच ईमेल आल्याची घंटा वाजते. साउंड कार्डाकडे एकच प्रवाह जायचा असल्याने हे सगळं एकत्र कालवणारा मिक्सर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो, आणि कालवायचं तर सगळ्यांचा वेग एक हवा. इंटेलने १९९७ मध्ये आणलेल्या एसी’९७ या मानकाने तो वेग ४८,००० धरला. इतर वेग ऐच्छिक होते. पुढच्याच वर्षी आलेलं आणि घरोघर गेलेलं साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्डही आतून ४८,०००वरच चालायचं. म्हणजे सीडीवरून उतरवलेलं प्रत्येक गाणं वाजताना ४४,१०० वरून ४८,००० वर नेलं जात होतं. या दोहोंचं गुणोत्तर १४७ ला १६०. दुप्पट-तिप्पट करण्याइतकं हे सोपं नाही. मधली जवळजवळ प्रत्येक किंमत नव्याने काढावी लागते. नीट केलं तर कानाला काही कळू नये. पण तेव्हाचे प्रोसेसर अशक्त होते, हे गणित घाईत उरकलं जाई आणि झांजेच्या शेवटच्या लहरीत किंवा व्हायोलिनच्या वरच्या स्वरांत खरखरीत कडा उरायची. ‘संगणकाचा आवाज हाय-फाय नव्हे’ हे मत ज्या काळात पक्कं झालं, तो हा काळ. त्या काळापुरतं ते मत रास्त होतं, असं मला वाटतं.

मग मिक्सरला वळसा घालण्याच्या युक्त्या निघाल्या. स्टाइनबर्ग या कंपनीने स्टुडिओसाठी १९९७ मध्ये एएसआयओ नावाची वाट काढली होती. तिचा उद्देश वेगळाच होता: वादकाने पट्टी दाबल्यावर आवाज लगेच यावा. पण ती वाट मिक्सरला टाळून थेट ड्रायव्हरकडे (साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जात असल्याने घरी ऐकणाऱ्यांनीही ती उचलली. दुसरी वाट कर्नल स्ट्रीमिंगची, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातून थेट आवाज पाठवण्याची. फाईलमधले बिट (शून्य आणि एकचे आकडे) जसेच्या तसे डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणापर्यंत, पोचवायचे, याला ‘बिट-परफेक्ट’ म्हणायला लागले आणि प्लेअर निवडण्याची पहिली अटच ती झाली.

विनअँपच्या प्लगइनवर काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी २००२ च्या डिसेंबरात फूबार२००० लोकांपुढे ठेवला. दिसायला अगदी साधा, करड्या चौकटीचा. त्याच्या आत मात्र ऐकण्याविषयीचा गंभीर विचार होता. दोन गाण्यांच्या मध्ये फट पडू न देणं, आवाजाची पातळी समान राखणं आणि पुढे एबीएक्स चाचणीचा घटक. कोणती फाईल वाजते आहे हे न सांगता ती ओळखायला लावणारी ही चाचणी ज्याने एकदा मनापासून केली आहे, त्याचा स्वतःच्या कानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

मॅकवर वाट वेगळी होती. ॲपलने साउंडजॅम हा प्लेअर विकत घेऊन त्यातून आयट्यून्स घडवला आणि ९ जानेवारी २००१ रोजी जाहीर केला. त्याची गंमत शोधण्यात आणि याद्या करण्यात होती. फाईलचा सॅम्पल दर बदलला की डॅकचा दर आपोआप बदलणं त्याला जमत नसे. ती उणीव भरून काढायला अमारा, ऑडिर्व्हाना असे स्वतंत्र प्लेअर आले. लिनक्सवर अल्सा या आवाजाच्या यंत्रणेमुळे थेट हार्डवेअरशी बोलणं आधीपासून शक्य होतं.

विंडोजचा प्रश्न सुटला तो व्हिस्टापासून. २००७ च्या जानेवारीत घरोघर पोचलेल्या या आवृत्तीची बाकी कितीही निंदा झाली असली, तरी आवाजाची यंत्रणा तिने मुळापासून नवी लिहिली. वासापी नावाच्या या यंत्रणेत दोन रीती आहेत: एक सगळ्यांनी वाटून घेण्याची, दुसरी एकट्याच्या ताब्याची. दुसरी निवडली की प्लेअर डॅकचा ताबा घेतो, मिक्सर बाजूला होतो आणि ४४,१०० चं गाणं ४४,१०० वरच वाजतं. आज कुठल्याही बऱ्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. तो चालू केला की ईमेलची घंटा वाजत नाही. वाट मोकळी असल्याची खूण तीच.

तारेच्या दुसऱ्या टोकालाही काम झालं. यूएसबीवरून आवाज पाठवण्याचं पहिलं मानक १९९८ चं. सुरुवातीचे बहुतेक यूएसबी डॅक संगणकाकडून येणाऱ्या माहितीच्या तालावर स्वतःचं घड्याळ जुळवत, आणि तो ताल डळमळीत असे. घड्याळ हललं की सॅम्पल बरोबर असूनही चुकीच्या क्षणी वाजतं; याला जिटर म्हणतात. असिंक्रोनस यूएसबीने हे उलटं केलं: घड्याळ डॅकचं, आणि तोच संगणकाला सांगतो, जरा भरभर पाठव, जरा सावकाश. २००९ च्या आसपास हे तंत्र हाय-फाय डॅकमध्ये रुळू लागलं. ९६ हजारांपलीकडच्या दरांसाठी लागणारं यूएसबी ऑडिओचं दुसरं मानक २००६ चं, पण विंडोजने ते स्वतःहून ओळखायला २०१७ उजाडलं. तोवर विंडोजवर अशा प्रत्येक डॅकसोबत निर्मात्याचा ड्रायव्हर बसवावा लागे. जुनं विंडोज वापरणाऱ्यांना तो अजूनही लागतो.

प्लेअर बदलला की आवाज बदलतो का, या वादात माझं मत स्पष्ट आहे. बिट तेच असतील, घड्याळ डॅकचं असेल आणि प्लेअर मध्ये काही करत नसेल, तर आवाज बदलायला जागाच उरत नाही. फरक ऐकू येतो तेव्हा बहुधा आवाजाची पातळी सारखी नसते, किंवा एखाद्या प्लेअरमध्ये नकळत इक्वलायझर किंवा दर वाढवण्याची सोय चालू असते. मुद्दाम दर वाढवणारे, स्वतःचे फिल्टर लावणारे प्लेअरही आहेत. त्यांचा आवाज वेगळा असतोच, कारण ते बिट बदलतात, आणि ते उघडपणे सांगूनच बदलतात.

आवाज कमीजास्त करण्याबद्दलही जुन्या काळातली एक भीती टिकून आहे. प्रत्येक सॅम्पल सोळा बिटांत लिहिणाऱ्या वाटेवर प्लेअरमधून आवाज ६ डेसिबलने उतरवला की एक बिट हातचा जातो, म्हणून प्लेअरचा आवाज नेहमी पूर्ण ठेवा, असा सल्ला असे. वाट चोवीस बिटांची असेल तर सोळा बिटांच्या फाईलखाली आणखी आठ बिटांची, म्हणजे सुमारे ४८ डेसिबलची जागा असते. तेवढ्यात घरगुती ऐकणं आरामात भागतं.

दरम्यान हार्ड डिस्क मोठ्या आणि स्वस्त झाल्या आणि काही टाकून न देता फाईल लहान करणारी स्वरूपं पुढे आली. जॉश कोलसन यांच्या फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २० जुलै २००१ ची. साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत संगीत राहतं आणि उलगडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे होत नाही. पण मुळात सीडीवरून बरोबर उतरलं असेल तरच. ध्वनीच्या सीडीवर संगणकाच्या सीडीइतकी पक्की चूक-दुरुस्ती नसते; ओरखडा आला की प्लेअर अंदाजाने भरून काढतो आणि पुढे जातो. आंद्रे विटहॉफ यांच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने १९९८ पासून तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळायची सवय लावली आणि अ‍ॅक्युरेटरिपने तुमचं वाचन इतरांच्या त्याच सीडीच्या वाचनाशी ताडून पाहण्याची सोय केली.

सीडीवर आणखी एक गोष्ट नव्हती: गाण्यांची नावं. सुरुवातीच्या मानकात त्यांना जागाच दिलेली नव्हती. सीडीडीबी या इंटरनेटवरच्या नोंदसाठ्याने प्रत्येक गाणं कुठे सुरू होतं यावरून सीडी ओळखण्याची शक्कल लढवली आणि नावं भरली ती ऐकणाऱ्यांनीच. त्या लोकांच्या श्रमाचा साठा पुढे व्यापारी झाला. त्याला उत्तर म्हणून म्युझिकब्रेन्झसारखे खुले साठे उभे राहिले. मात्र कलाकार, अल्बम, गाणं हा फाईलमध्ये लिहिलेल्या या नावांचा, म्हणजे टॅगचा, साचा लोकप्रिय गाण्यांवरून घेतलेला. एका सिंफनीला रचनाकार, वाद्यवृंद, संचालक आणि चार भाग असतात. त्यातलं ‘कलाकार’ कोण? प्लेअर निवडताना मी सगळ्यात आधी हे तपासतो: रचनाकारानुसार पाहता येतं का, आणि एकाच कृतीचे भाग एकत्र राहतात का.

भागांवरून फटीचा प्रश्न आठवतो. एमपी३ तयार होताना गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते. ऑपेरात किंवा थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ती खटकन जाणवते. एमपी३ तयार करणाऱ्या लेम या सॉफ्टवेअरने ती किती आहे याची नोंद फाईलमध्येच ठेवायला सुरुवात केली. आयट्यून्सला विनाफट वाजवायला २००६ साल लागलं. फ्लॅकमध्ये हा प्रश्न मुळातच नाही. पातळीचंही तसंच. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या रिप्लेगेन या पातळी समान राखण्याच्या पद्धतीत गाण्यापुरती आणि अल्बमपुरती अशा दोन किमती असतात. अख्खा अल्बम ऐकणाऱ्याने अल्बमचीच वापरावी, नाहीतर हळुवार भाग उगाच चढून बसतो.

शेवटचा मोठा बदल संगणक कुठे ठेवायचा याचा. पंख्याचा आवाज करणारा संगणक ऐकण्याच्या खोलीत कोणालाच नको होता. स्लिम डिव्हायसेसने २००१ मध्ये फाईलचा सर्व्हर एकीकडे आणि वाजवणारी छोटी पेटी ॲम्प्लिफायरपाशी, अशी विभागणी केली. लिनक्सवरच्या एमपीडी या प्लेअरनेही वाजवणारा भाग आणि नियंत्रणाचा पडदा वेगळे केले. सूलूस या कंपनीतल्या मंडळींनी २०१५ मध्ये रून हा प्लेअर आणला आणि कलाकार, वादक, रचनाकार यांच्यातल्या नात्यांवरून भटकता येईल असा संग्रह उभा केला. २०२३ मध्ये तो हरमन या कंपनीकडे गेला. स्लिम डिव्हायसेस २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली होती. २०१२ मध्ये त्या पेट्या बंद झाल्या, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं असल्याने वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं. आज ते लिरियन या नावाने चालतं आणि बंद झालेल्या त्या पेट्याही त्यावर वाजतात. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅकला आरएफसी ९६३९ या क्रमांकाने इंटरनेटचं मानक म्हणून लिखित रूप मिळालं. २००१ साली काळजीपूर्वक उतरवलेली, टॅग नीट भरलेली फ्लॅक फाईल, वाट मोकळी असेल तर, फ्लॅक ओळखणाऱ्या प्लेअरमध्ये आजही ४४,१०० वरच वाजते.