दुखरा गुडघा आणि जपणारं घर

साठी ओलांडलेल्या माणसाच्या मणक्याचा किंवा गुडघ्याचा फोटो काढला आणि त्यात काहीच सापडलं नाही, असं क्वचितच होतं. ‘मणक्यात गॅप आलीय’, ‘गुडघे घासलेत’, ‘वंगण संपलंय’ ही वाक्यं पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रोज ऐकू येतात. रिपोर्ट हातात पडला की घरात न बोलताच ठरतं, आता जपायचं. जिना बंद, मंडई बंद, सणावारांचा स्वयंपाक बंद. ‘आई, तू बस, मी करते.’ हे सगळं मायेपोटीच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण जुनाट वेदनेवरचं संशोधन वाचताना माझं मत पक्कं होत गेलं की, हे जपणंच अनेक घरांत दुखणं मुरवतं.

आधी त्या रिपोर्टबद्दल. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा 3,110 लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांमध्ये दिसली आणि ऐंशीतल्या तब्बल 96 टक्के लोकांमध्ये. पुन्हा सांगते, यांतल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. गुडघ्याचंही तसंच आहे. फोटोत भरपूर झीज असून पर्वती चढणारे लोक असतात आणि फोटो बरा असून रात्रभर कण्हणारेही असतात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तर म्हणतात की, वय 45 च्या पुढे असेल, हालचाल केल्यावर सांधा दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल, तर संधिवाताच्या या झिजेच्या प्रकाराचं निदान करायला बहुतेक वेळा फोटो लागतच नाही.

याचा अर्थ दुखणं मनाचं आहे, असा कृपया घेऊ नका. दुखणं खरंच असतं, फक्त ते सगळं सांध्यात नसतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात आणि एवढ्या काळात चेतासंस्थाही बदललेली असते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं की, मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि मेंदूकडे किती वेदना जाऊ द्यायची हे तिथे ठरतं. पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की, इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होतात. मांडवातल्या माइकचा आवाज फार वाढवून ठेवला की कुणी नुसतं खाकरलं तरी स्पीकर घुमतो, तसं काहीसं. वय वाढलं की वेदना दाबून धरणारी शरीराची स्वतःची यंत्रणा थोडी थकते. अपुरी झोप, काळजी, एकटेपणा आणि ‘हललो तर अजून बिघडेल’ ही भीती या आवाजात भर घालतात.

भीती हा यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. दुखतं म्हणून हलायचं नाही, हलत नाही म्हणून स्नायू सुटतात, स्नायू सुटले की तेवढंच काम जास्त दुखतं, मग आणखी बसायचं. हे चक्र किती वेगाने फिरतं ते अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. साठीच्या पुढच्या 12 निरोगी लोकांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं जवळजवळ 1 किलो मांस, म्हणजे मुख्यतः स्नायू, कमी झालं. हे निरोगी लोक होते. ज्यांच्या मांड्या आधीच बारीक झाल्या आहेत, त्यांचं काय होत असेल?

‘चालून चालून गुडघा आणखी झिजेल’ ही समजूतही तपासून झाली आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या साठीपुढच्या 439 लोकांचे तीन गट करून 18 महिने त्यांचा पाठपुरावा केला गेला आणि निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले. एक गट चालत होता, एक वजनं उचलून व्यायाम करत होता, तिसऱ्याला फक्त माहिती दिली जात होती. पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं आणि अडचण तिसऱ्यापेक्षा कमी झाली. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण व्यायामामुळे एक्स-रेमधली झीज वाढलीही नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली जाते आणि सैल होते, तेव्हाच तिला पोषण मिळतं.

कोथरूडमधल्या ओळखीच्या एका काकूंकडे फिजिओथेरपिस्ट यायची, तेव्हा मी एकदा तिथे होते. साधन काय, तर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. ती भिंतीला टेकवलेली, बैठक उंच व्हावी म्हणून वर दुहेरी घडी केलेली सतरंजी. ‘काकू, पुढे सरका. पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. आता नाक अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि श्वास सोडत उठा.’ काकूंचे हात आपोआप खुर्चीच्या कडेला गेले, तशी सून धावली. ‘वहिनी, हात नका लावू, नुसत्या शेजारी उभ्या राहा,’ ती मुलगी म्हणाली. काकू उठल्या, थरथरत, पण स्वतःच्या मांड्यांच्या जोरावर. त्या मुलीने दिलेला नियम सगळ्यांनाच उपयोगी आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, तर व्यायाम सोडायचा नाही, उठण्याची संख्या कमी करायची. काही आठवड्यांनी सतरंजीची एक घडी काढायची.

पुण्याला तर हे नवीन नसावं. दोर, पट्टे, विटा, खुर्च्या यांच्या आधाराने शरीराला झेपेल तसं आसन देण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी याच शहरात विकसित केली. या पद्धतीवर अमेरिकेत, आणि तिचा आधार घेतलेल्या वर्गांवर ब्रिटनमध्ये, कंबरदुखीच्या रुग्णांसाठी रीतसर चाचण्या झाल्या. ब्रिटनमधल्या 2011 च्या चाचणीत 313 जण होते आणि 12 आठवड्यांच्या वर्गांना गेलेल्यांची रोजची कामं फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा जास्त सुधारली. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं. एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

आता गोळ्या. इथे मी जरा कळकळीनेच लिहिते आहे, कारण मेडिकलमधून पेनकिलरची पट्टी आणणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही एकाच कुळातली औषधं. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नीट राखणारी जी रसायनं शरीर तयार करतं, त्यांनाच ती अडवतात. आपल्या गिधाडांचा जो संहार झाला तो डायक्लोफेनॅक दिलेली गुरं खाल्ल्याने. मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली आणि 2006 मध्ये भारतात गुरांसाठी हे औषध बंद झालं. माणसाचं शरीर ते बरंच जास्त सहन करतं, पण सत्तरीतल्या माणसाचं मूत्रपिंड तरुणासारखं नसतं. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वरून पेनकिलर घेतल्याने मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचा धोका वाढतो. उलट्या-जुलाब झाले असतील तर आणखीच. पोटातल्या रक्तस्रावाची आणि हृदयाची जोखीम वेगळीच. गुडघ्याला याच औषधाचं मलम लावलं तर रक्तात अगदी थोडा अंश जातो, म्हणून बहुतेकांसाठी आधी मलम हा शहाणपणाचा क्रम आहे.

जास्त कडक गोळी म्हणजे जास्त आराम, हेही खरं निघालं नाही. पाठ, गुडघा किंवा खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या 240 रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर चाचणी झाली, निष्कर्ष 2018 मध्ये आले. अफूवर्गीय औषधं साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल याच वर्गातलं आहे. म्हाताऱ्या माणसाला त्याने चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो आणि पडण्याची भीती वाढते.

वयस्कर माणसांना मानसोपचाराचं काय सांगायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी 2024 चा एक अभ्यास आहे. तो 60 ते 95 वयाच्या 126 माजी सैनिकांवर लॉस एंजेलिसमध्ये झाला. दाबून ठेवलेला राग, दुःख, जुने घाव ओळखून बोलून दाखवणाऱ्या उपचारगटातल्या 63 टक्के लोकांचं दुखणं किमान 30 टक्क्यांनी उतरलं. विचार आणि वागणुकीवर काम करणाऱ्या प्रचलित पद्धतीच्या गटात हे प्रमाण 17 टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि त्यात बहुतेक पुरुष होते, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नये. पण पुण्यात निवृत्त फौजी पुष्कळ आहेत आणि न बोलणारे वडीलही.

पडल्यानंतर अचानक सुरू झालेलं दुखणं, ताप, आपोआप घटणारं वजन, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावं.

आणि ज्यांना आता सांगताच येत नाही, त्यांचं? नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या, चिडचिड आणि आरडाओरडा करणाऱ्या 352 जणांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी झाली. एका गटाला 8 आठवडे ठरलेल्या वेळी, पायरीपायरीने वेदनाशामक दिलं. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच. त्यांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. म्हणजे ज्याला आपण ‘डोकं फिरलंय’ म्हणतो, त्यात कधी कधी न सांगता आलेला गुडघा असतो. अशा माणसाला अंघोळ घालताना, कूस बदलताना, सदरा चढवताना कपाळाला आठी पडते का, हात झिडकारतो का, श्वास चढतो का हे पाहावं, वेळेसह लिहून ठेवावं आणि झोपेची गोळी मागण्याआधी तो कागद डॉक्टरांना दाखवावा.