काट्याचा शेंडा गेला आणि आजारच बदलला

१९८४ साली बेल्जियममध्ये डुकरांच्या रक्ततपासणीचे निकाल कोड्यात टाकणारे येऊ लागले. फार्ममागून फार्ममध्ये टीजीई या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं सापडत होती. लस कोणी टोचली नव्हती आणि आजार तर कुठे दिसतच नव्हता. टीजीई येऊन गेला पण मालकाच्या लक्षात आलं नाही, असं सहसा होत नाही.

टीजीई म्हणजे डुकरांचा संसर्गजन्य जठरांत्रदाह. अमेरिकेत डॉयल आणि हचिंग्ज यांनी १९४६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आजार कोरोना विषाणूचा आणि जोर हिवाळ्यात, कारण हा विषाणू थंडीत तग धरतो, उन्हात आणि उष्णतेत लवकर मरतो. मोठ्या डुकराला काही दिवस हगवण लागते, खाणं सुटतं आणि मग ते सावरतं. दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं मात्र जवळजवळ सगळी जातात. आधी उलटी, मग पिवळसर, पाण्यासारखी हगवण आणि तिच्यात न पचलेल्या दुधाच्या गुठळ्या. पिल्लू आईला लुचत राहतं आणि तरी सुकत जातं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलवर असतात तसे बारीक, दाट उंचवटे असतात. विषाणू त्यांच्यावरच्या पेशी मारतो, उंचवटे खुजे होतात, दुधातली साखर पचेनाशी होते आणि ती साखर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते. मोठं डुक्कर या पेशी भराभर नव्या बनवतं. नवजात पिल्लाला त्याला आठवडा, दीड आठवडा लागतो. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

मग बेल्जियममधली ती प्रतिपिंडं आली कुठून? गेंट विद्यापीठातल्या मॉरिस पेनसार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. टीजीईचाच एक भाऊबंद हवेतून पसरत होता. तो आतड्यात नाही, तर श्वसनमार्गात आणि फुप्फुसांत वाढत होता. त्याचं नाव पडलं पीआरसीव्ही, म्हणजे डुकरांचा श्वसनमार्गातला कोरोना विषाणू. बहुतेक डुकरांना त्याचा फारसा त्रास होत नसे, कधी थोडा खोकला, कधी तोही नाही.

दोघांची जनुकं शेजारी ठेवल्यावर ठळक फरक दिसला तो स्पाइक प्रोटीनमध्ये. कोविडनंतर हे नाव घराघरात पोचलं आहे, त्यामुळे विषाणूच्या अंगावरचा काटा एवढं म्हटलं तरी पुरे. टीजीईच्या विषाणूत हे प्रथिन साधारण १,४५० अमिनो आम्लांचं असतं. युरोपातल्या पीआरसीव्हीमध्ये त्यातली २२४ सलगपणे गायब होती, तीही अगदी सुरुवातीची, काट्याच्या शेंड्याकडची. एकाच प्रथिनाचा जवळजवळ सहावा हिस्सा गेला आणि विषाणू तरीही ठणठणीत, किंबहुना आधीपेक्षा जास्त फोफावलेला! पेशीत शिरण्यासाठी तो ज्याला धरतो ते अमिनोपेप्टिडेज एन नावाचं विकर. त्याला पकडणारा काट्याचा भाग शेंड्याच्या खाली आहे आणि दोन्ही विषाणूंत शाबूत आहे. हे विकर आतड्याच्या पेशींवर तर भरपूर असतं. म्हणजे पीआरसीव्हीला आतडं बंद असायचं वरवर काही कारण नाही. पण त्याला थेट आतड्यात सोडलं तरी तुरळक पेशींनाच लागण होते.

गेलेला शेंडा सियालिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटायचं काम करायचा. आतड्यातला चिकट स्राव आणि पेशींचं बाहेरचं आवरण अशा शर्करांनी भरलेलं असतं. पुढे सरकणाऱ्या अन्नाबरोबर वाहून न जाता पेशीपर्यंत पोचायला ही पकड उपयोगी पडत असावी, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण प्रयोगशाळेत शेंड्यातली एखाद-दुसरी अमिनो आम्लं बदलली तरी विषाणूची आतड्यातली वाढ हरवल्याचं दिसलं आहे. सगळ्यात भक्कम पुरावा मात्र माद्रिदचा. लुईस एनहुआनेस यांच्या गटाने १९९९ मध्ये श्वसनमार्गात वाढणाऱ्या, निरुपद्रवी झालेल्या विषाणूचं फक्त स्पाइकचं जनुक बदलून तिथे आतड्यातल्या विषाणूचं बसवलं. बाकी विषाणू तोच, तरी तो आतड्यात वाढू लागला आणि पिल्लांना मारू लागला.

अमेरिकेत पीआरसीव्ही थोडा उशिरा, १९९० च्या आसपास सापडला. तिथेही शेंडा कापलेला, पण कापलेल्या तुकड्याची लांबी वेगळी. म्हणजे ही काटछाट एकदाच होऊन जगभर पसरली असं नाही, ती वेगवेगळ्या ठिकाणी आपापली झाली. फुप्फुसातून हवेत पसरायचं असेल तर तो शेंडा नसला तरी चालतं, एवढं तरी यातून दिसतं.

फायदा झाला तो डुकरांचा. काट्याच्या उरलेल्या भागाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं टीजीईलाही निकामी करतात. पीआरसीव्ही युरोपभर पसरला आणि टीजीईच्या साथी झपाट्याने कमी झाल्या. लस बनवणाऱ्यांना जे नीट जमत नव्हतं ते या खोकल्याच्या विषाणूने फुकटात केलं. जमत नव्हतं, कारण डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर आणि दुधावर. डुकरिणीच्या आतड्याला लागण झाली तर तिच्या दुधातून आयजीए प्रकारची प्रतिपिंडं सतत येत राहतात, हे ओहायोमध्ये एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. स्नायूत टोचलेल्या लशीला ते साधत नाही. म्हणून साथीत अमेरिकेतले फार्मवाले मेलेल्या पिल्लांची आतडी बारीक करून गाभण डुकरिणींना खाऊ घालत. किळसवाणं खरं, पण शास्त्राला धरून होतं. पीआरसीव्हीमुळे दुधातून मिळणारं संरक्षण अर्धवट असतं, पण पुन्हापुन्हा लागण झाली की ते वाढतं.

पशुवैद्यांची मात्र पंचाईत झाली. जनावर विकत घेणाऱ्या देशांना टीजीईमुक्तीचा दाखला हवा असे आणि जुन्या चाचणीत दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडं सारखीच दिसत. तोडगा पुन्हा त्या शेंड्यातच मिळाला. फक्त शेंड्यालाच चिकटणारं एक प्रतिपिंड घ्यायचं, पण त्याआधी टीजीईच्या विषाणूवर डुकराचा रक्तद्रव टाकायचा. टीजीई होऊन गेलेल्या डुकराचा रक्तद्रव शेंडा आधीच झाकून टाकतो आणि या प्रतिपिंडाला जागा उरत नाही. पीआरसीव्हीवाल्या डुकराचा रक्तद्रव ती जागा मोकळीच सोडतो, कारण त्याने शेंडा कधी पाहिलेलाच नसतो.

तरी पीआरसीव्हीला अगदी गरीब समजू नये. फार्ममध्ये पीआरआरएस (डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणारा विषाणूजन्य आजार) किंवा इन्फ्लुएन्झा आधीच असेल तर त्याच्यामुळे फुप्फुसांचा आजार चिघळतो. आणि काट्यांची अदलाबदल निसर्गातही चालू असते. इटलीत २००९ ते २०१२ दरम्यान गोळा केलेल्या नमुन्यांत टीजीईचा सांगाडा आणि पीईडी या दुसऱ्या हगवणीच्या कोरोना विषाणूचा काटा असलेला एक संकर सापडला. सांगाडा कोणाचाही असो, फार्ममध्ये त्या डुकरांकडे पाहून तो पीईडीपेक्षा वेगळा ओळखता येत नव्हता.