ओपनऑफिस की लिब्रेऑफिस: निवडीमागचा परवान्याचा तिढा

ओपनऑफिस आणि त्यातूनच फुटून निघालेले लिब्रेऑफिस ही पत्रे, तक्ते, सादरीकरणे करण्याची दोन फुकट ऑफिस सॉफ्टवेअरे. त्यांचे मूळ असलेल्या स्टारऑफिसचा कोड २००० साली खुला झाला. २००२ मध्ये ओपनऑफिस.ऑर्ग १.० आले आणि २००५ च्या २.० पासून ओडीएफ हा खुला फॉरमॅट त्याचा मूळ फाइल फॉरमॅट झाला. इथवर कुणाचा वाद नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळे निघाले ते मालक कंपनी बदलली, सनच्या जागी ओरॅकल आली म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोड देणाऱ्याला आपल्या प्रताधिकारात कंपनीला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे आणि त्यावरून धुसफूस जुनीच होती. कित्येक लिनक्स वितरणे तर आधीपासूनच मूळ ओपनऑफिसऐवजी गो-ओओ या वेगळ्या प्रकल्पाचे पॅच (जोड-दुरुस्त्या) चढवलेले रूप देत होती. नवा मालक आल्यावर जे झाले त्याची तयारी अशी आधीच झाली होती. जानेवारी २०११ मध्ये दोन्हींच्या ३.३ आवृत्त्या एकाच आठवड्यात आल्या, आणि तेव्हा त्यांत फरक शोधावा लागे.

खरा तिढा पडला तो जून २०११ मध्ये. मालक कंपनीने ओपनऑफिसचे नाव आणि कोड बाहेर पडलेल्या गटाला न देता तिसऱ्याच संस्थेकडे, अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे, सोपवला, आणि परवाना, म्हणजे कोड वापरण्याच्या अटी, एलजीपीएलऐवजी सैल अशा अपाची २.० झाल्या. अपाची परवान्याखालचा कोड कुणीही उचलून एलजीपीएल किंवा एमपीएल या परवान्यांच्या प्रकल्पात, म्हणजे लिब्रेऑफिससारख्यात, घालू शकतो, मूळ सूचना तेवढ्या राखाव्या लागतात. उलट दिशेने तसे चालत नाही. एमपीएल आणि एलजीपीएलमध्ये बदललेला कोड त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो, आणि अपाचीच्या घरात ती अट बसत नाही. म्हणजे ओपनऑफिसमध्ये झालेले काम लिब्रेऑफिसला घेता येई, लिब्रेऑफिसचे काम मात्र ओपनऑफिसला वर्ज्य. उजवीकडची साइडबार हे ठसठशीत उदाहरण: २०१३ मध्ये ती ओपनऑफिस ४.० मध्ये आली आणि त्याच वर्षी लिब्रेऑफिस ४.१ मध्येही प्रायोगिक रूपात दिसली. उलट जाणारे असे उदाहरण सापडणार नाही. कोड बंदिस्त उत्पादनात वापरता यावा म्हणून सैल परवाना हवा, हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि तो चुकीचा नाही. पण डेस्कटॉपवर रोज पत्रे लिहिणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

परिणाम आवृत्त्यांत दिसतो. ओपनऑफिस २०१४ च्या ४.१ वर थांबले. नंतर आल्या त्या ४.१.x अशा दुरुस्त्याच. एप्रिल २०१५ मध्ये एचडब्ल्यूपी (एका कोरियन वर्ड प्रोसेसरच्या) फाइल वाचणाऱ्या फिल्टरमधले सुरक्षाछिद्र जाहीर झाले. लिब्रेऑफिसची दुरुस्त आवृत्ती तयार होती. ओपनऑफिसवाल्यांना त्या फिल्टरची फाइल हाताने काढून टाका, असा सल्ला मिळाला आणि दुरुस्ती आली ऑक्टोबरात. २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यावर उघड चर्चा झाली. तरीही जुने, ओळखीचे नाव शोधून लोक आजही तेच उतरवून घेतात. मग डॉक्स (वर्डची .docx) फाइल उघडते, पण 'सेव्ह ॲज'मध्ये डॉक्स मिळतच नाही. जुन्या डॉकमध्ये (.doc) साठवली की मांडणी विस्कटू शकते.

देवनागरीपुरते सांगायचे तर २०१७ ची लिब्रेऑफिस ५.३ महत्त्वाची. तिच्यापासून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर अक्षरजुळणी हार्फबझ या एकाच इंजिनकडे गेली. त्याआधी प्रत्येक प्रणालीचे इंजिन वेगळे, त्यामुळे फॉन्ट तोच असूनही ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत.

एकावरून दुसऱ्यावर जाताना जुना प्रोफाइल फोल्डर (आपली सेटिंग, शब्दकोश वगैरे जिथे साठतात तो) आख्खा उचलून नव्यात टाकू नये. जुने एक्स्टेंशन आणि सेटिंग बरोबर येतात आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळू शकतो. दोन्ही प्रोग्रॅम बंद करून 'युजर' फोल्डरातले स्वतःचे शब्दकोश 'वर्डबुक'मधून आणि ऑटोकरेक्टच्या याद्या 'ऑटोकॉर'मधून तेवढ्या न्याव्यात. लिब्रेऑफिसच्या बाजूचे हे फोल्डर अजूनही '४' नावाच्या फोल्डरात असते, आवृत्तीचा आकडा बराच पुढे गेला असला तरी. ते जुने राहिलेले समजून पुसू नये. आधीच बिघडले असेल तर 'हेल्प'मधून 'रीस्टार्ट इन सेफ मोड' निवडावे.

बेस या डेटाबेस प्रोग्रॅममधला डेटाबेस उघडत नसेल तर बहुधा जावा नडते; बेसला ती वेगळी बसवावी लागते. विंडोजवरचे ओपनऑफिस ३२ बिटचेच आहे, म्हणून त्याच्यासाठी ३२ बिटची जावा घातलेली असते. ६४ बिटच्या लिब्रेऑफिसला ती दिसत नाही. ६४ बिटची जावा बसवून 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' इथे तिच्यावर खूण करावी आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा. डेटाबेसच्या फाइलची प्रत मात्र त्याआधीच काढून ठेवावी.